खालची खबर

३ जानेवारी, शुक्रवार

बाबा बोलले! एक-दोन शब्द नव्हे, सलग अकरा मिनिटं, फोनवर. मी ओट्यापाशी उभी होते, घड्याळ समोरच होतं, म्हणून नक्की सांगते. अकरा.

पलीकडे दोरकाका होते. बाबा म्हणजे माझे सासरे, त्यांचा जन्म बंदरातल्या पाण्याखाली गेला. जहाजांचे तळ खरवडायचे, धक्क्याच्या खांबांना पत्रे ठोकायचे, बुडालेले नांगर हुडकायचे. ते खाली असले की त्यांच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक धरून वर बसायचे ते दोरकाका. खरं नाव काय कोण जाणे, आमच्या घरात दोरकाकाच. बावीस वर्षं खाली हा आणि वर तो, जोडी कधी बदलली नाही.

काम सुटून चार वर्षं झाली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे असतात आणि दिवसाला चार शब्द खर्च करतात. चहा. हं. नको. पडतो. आम्ही आधी काळजी केली, मग सवय करून घेतली. लिहिताना लाज वाटते, पण झालंय ते असंच.

फोन ठेवला तेव्हा चेहरा पांढराफटक. काय झालं विचारलं तर "काही नाही." खुर्चीत बसले. उठले. परत बसले. मग एकदम, "सूनबाई, समुद्रात रंगीत मासे नक्की कुठं असतात?"

मी काय उत्तर देणार? बावीस वर्षं पाण्यात कोण होतं, मी का ते?

५ जानेवारी

कळलं. म्हणजे अर्धवट कळलं. दोरकाकांना बुडी मारायची आहे. अडुसष्टाव्या वर्षी! "जन्मभर वर बसून तुझं ऐकलं, आता एकदा खाली ने. तू सांगायचास ते सगळं डोळ्यांनी बघायचंय" — असं म्हणाले म्हणे. बाबांनी ठोकून दिलं की बंदर आता गाळानं भरलं, तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही. पण अगदी तशीच दुसरी जागा आपल्याला माहीत आहे.

कुठली जागा? तर ती आता मी शोधायची!

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, अडचणीतून माणसं सोडवणं हाच धंदा. म्हणाला, "बाबांच्या भानगडीत मी पडत नाही." आणि सातव्या मजल्यावर कोणी अडकलंय म्हणून पिशवी उचलून निघून गेला.

८ जानेवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर आठ कवळ्या मेणात बसून माझ्याकडे बघून हसताहेत. आज संध्याकाळपर्यंत त्यांचे दात घासूनपुसून द्यायचे आहेत आणि माझं लक्ष कशातच नाही.

कारण बाबांनी सकाळी डब्याबरोबर एक कागद दिला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरात. जागेत काय काय हवं त्याची यादी:

दगडाची कमान. माणूस वाकून आरपार जाईल एवढी.
निळे लहान मासे, थव्यानं.
पिवळी झाडं, पंख्यासारखी, हलणारी.
एक मोठा म्हातारा मासा, ओठ जाड, तोंड कायम वाकडं. एकटा राहणारा. नाव साहेब.

नाव साहेब! म्हटलं, बाबा, माशाचं नाव कसं काय जुळवून आणू? तर शांतपणे, "नाव आपण देऊ. तोंड वाकडं हवं."

कवळ्या बनवणारीला इतकं नक्कीच कळतं की, तोंडाचं माप घेतल्याशिवाय काही बनत नाही. हे माप कशाचं घेताहेत तेच कळेना. ज्यानं ही जागा रोज पाहिली त्याला यादी कशाला करावी लागते? आणि इतकं सगळं बंदराच्या पाण्यात होतं तर लोक तिकडे तोंड फिरवून का जायचे? मी स्वतः पाहिलंय ते पाणी. तेलकट, काळं. पण मी वरून पाहिलंय, ते आतून. कदाचित आत वेगळं असेल. असेल बुवा.

९ जानेवारी

बाबा सकाळपासून फोनवर. बुडी शिकवणाऱ्या दुकानांचे नंबर मीच काढून दिले, आता भोगतेय. "हॅलो, तुमच्याकडे कमान आहे का? ... नाही नाही, दारावरची नव्हे. पाण्याखालची." तिघांनी फोन ठेवून दिला.

१२ जानेवारी, रविवार

दोरकाकांच्या घरी जाऊन आले, बाबांना घेऊन. डोकं पार गरगरतंय. नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल.

दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकून ठेवलेली खाट. दोरकाका आमची वाटच बघत होते. हात इतके खरबरीत की माझा हात हातात घेतला तेव्हा टोचला. बसल्या बसल्या सुरू झाले. साहेब मासा कसा रोज अकराच्या सुमाराला फेरीवर यायचा, बाबांच्या हातातली हातोडी बघून नाराज व्हायचा. निळे मासे शाळा सुटल्यासारखे कसे अंगावरून जायचे. एकदा तर कमानीत बाबांची दोरी अडकली आणि सगळ्या माशांनी मिळून — इथं बाबा जोरात खोकले.

"हाच सांगायचा," दोरकाका म्हणाले. "वर आला की आधी खबर, मग चहा."

काकू आत दुसऱ्यांदा चहा गाळताना मला म्हणाल्या, "त्या खालच्या खबरींवर माझी तिन्ही पोरं वाढली. जेवताना तेच. पण एक सांगते, राग मानू नकोस. ह्यांना दोनदा मुकादमी आली होती. दोन्ही वेळा परत पाठवली. का, तर म्हणे, मी कचेरीत जाऊन बसलो तर खालची खबर कोण आणून देणार? त्या माशांपायी हा माणूस जन्मभर उन्हात दोरी धरून बसला." रागानं नाही म्हणाल्या, सवयीनं म्हणाल्या. पण आवाज मोठा, खोली लहान. बाहेर बाबांच्या हातातली कपबशी वाजली.

येताना बाबा दोन थांबे आधीच उतरले. "चालत येतो." तासाभरानं आले. जेवले नाहीत.

मला वाटतं त्यांना मुकादमीचं आजच कळलं. पण त्यात त्यांचा काय दोष? दोस्तानं खरं सांगितलं, दुसऱ्याला ते ऐकत राहावंसं वाटलं. एवढं खाणंपिणं सोडण्यासारखं काय आहे?

१४ जानेवारी

जागा मिळाली. बसनं नऊ तास, पुढे होडी. प्रवाळांचा खडक आहे, पाणी काचेसारखं, असं ती म्हणते. ती म्हणजे शिकवणारी. सव्वीस वर्षांची पोर, फोटोत केस मुलासारखे कापलेले, गळ्यात शिट्टी. महिन्यातून दोन रविवार आमच्याच शहरातल्या पोहण्याच्या तलावावर शिकवायला येते. आधी तिथं सराव, मग डॉक्टरचा कागद, मग समुद्र. बाबांना फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येतं हे विसरून जा, पहिल्यापासून शिका."

बाबांनी ताबडतोब तिचं नाव ठेवलं, मास्तरीण. चार वर्षांत त्यांनी कोणाचं नाव ठेवलं नव्हतं.

पंधरा फेब्रुवारी ठरली.

१९ जानेवारी, रविवार

पहिला सराव. मी काठावर बाकड्यावर, वही मांडीवर. मला पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही, कानाला खडा. मी फक्त व्यवस्थापक.

दोघं म्हातारे घट्ट काळ्या पोशाखात आले तेव्हा तलावावरची सगळी पोरं गप्प झाली. पाठीवर टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. मास्तरणीनं खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, अंगठा वर म्हणजे वर चला. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही, काही झालं तरी श्वास चालू. बाबांना हे सगळं पाठच. पाण्यात गेले आणि मासाच झाले. गुडघ्याचं दुखणं वगैरे काठावरच राहिलं.

दोरकाका मात्र दर दोन मिनिटांनी वर! कान दुखतो. काच धुरकट झाली. नळी टोचते. शेवटी पायरीवर बसले आणि नुसते बाबांचे बुडबुडे बघत राहिले. ज्याला बघायची एवढी हौस त्याचं हे असं.

आणि खरी गोष्ट पुढेच. मास्तरीण बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "एक विचारू? आजोबा पाण्याखाली डोळे का मिटून घेतात?"

"म्हणजे?"

"गच्च मिटलेले असतात. मी रंगीत कड्या तळाशी टाकल्या होत्या, वेचून आणा म्हटलं. सगळ्या आणल्या. पण चाचपून. एकदाही डोळे उघडले नाहीत."

माशांचे थवे, साहेबाचं वाकडं तोंड, निळे, पिवळे... डोळे मिटून? आता मात्र माझ्या डोक्यावरून पाणी गेलं.

२० जानेवारी

विचारलं. सरळच विचारलं, नवरा कामाला गेल्यावर, दोघांचा चहा पुढ्यात ठेवून. डोळे का मिटता?

"सवय."

कसली सवय?

कप खाली ठेवला. मग सांगितलं. बंदराच्या पाण्यात वीतभर खाली गेलं की काळोख. गाळ, तेल, घाण. स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसायचा नाही. डोळे उघडे ठेवले तर माणूस भांबावतो, कारण काहीतरी दिसेल असं वाटत राहतं. मिटले की हात नीट चालतात. सगळे पाणबुडे मिटायचे. "खाली डोळ्यांना कामच नव्हतं."

मग साहेब?

"थाप."

कमान?

"थाप."

पहिल्या दिवशी वर आले आणि दोरकाकांनी विचारलं, काय होतं खाली? बाबा भेदरलेले होते, पहिलीच बुडी. काळोख होता म्हणायची लाज वाटली. म्हणून एक निळा मासा सांगितला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, मग दोन सांगितले. मग काय, रोजचंच झालं. बावीस वर्षं! "त्याचे डोळे असे चमकायचे ऐकताना. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय."

आणि आता कळलं की बिघडलं होतं. दोन मुकादम्या. सावलीतली खुर्ची, पंखा, गुडघे शाबूत राहिले असते. बाबा रडले नाहीत, नाक शिंकरलं फक्त. "त्याला कळलं तर तो मला तोंड दाखवणार नाही. आणि बरोबरच आहे त्याचं."

म्हणून यादी. म्हणून ही सगळी यातायात. जे बावीस वर्षं सांगितलं ते एकदा तरी खरं करून दाखवायचं, म्हणजे बिंग फुटणार नाही.

मला हसू आलं आणि त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम कसं होतं?

२३ जानेवारी

सांगून टाकावं. नाही, नको. सांगावं. माझं मलाच कळत नाही मी कोणाच्या बाजूची.

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टरकडे. आधी लांबलचक कागद. दम लागतो का, चक्कर येते का, कानाचं ऑपरेशन, छातीत दुखणं. बाबा सगळ्याला नाही नाही नाही. मी गुडघा म्हणाले तर माझ्याकडे असं बघितलं! दोरकाकांनी मात्र प्रत्येक प्रश्न वाचून बाबांकडे बघायचं आणि मग डॉक्टरांना विचारायचं, "ह्याचं फुप्फुस नीट तपासलंत ना? कान? परत एकदा बघा." अहो, तुमचंही तपासायचंय! डॉक्टर हसले.

दोघंही पास. पेटीसारख्या खोलीत बसून नळ्यांत फुंकर मारून आले. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात अशी छाती बघितली नव्हती. बाबा घरी येईपर्यंत छाती काढून चालत होते.

दोरकाकांनाच का नाही निदान सर्दी? झाली असती तर सगळंच निभावलं असतं. असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा सराव. बाबांनी डोळे उघडायची खटपट केली. मास्तरणीला मी थोडं सांगून ठेवलंय, सगळं नाही. ती खाली त्यांच्या तोंडासमोर बसून काचेवर बोटानं टकटक करते. उघडतात. दहा मोजेपर्यंत परत मिटतात.

"डोळे उघडले की भीती वाटते," म्हणाले. पाणबुड्याला! भीती!

दोरकाका आज पाच मिनिटं खाली राहिले आणि टाळ्या घेतल्या. मग परत पायरीवर. माझ्याशी गप्पा. "घरी बोलतो का ग हा?" म्हटलं, हल्ली खूप. यादी, फोन, मास्तरणीशी वाद. "वाद घालतो? कशावरून?" अगदी सगळं विचारून घेतलं. काय खातो, किती चालतो, आपणहून बोलतो की विचारल्यावर. मी सांगत बसले. नंतर वाटलं, ह्यांना माशांबद्दल एकही प्रश्न कसा पडला नाही?

कोणी कोणाचं काय करतंय काही उमगत नाही.

६ फेब्रुवारी

मास्तरणीनं आराखडा पाठवला. मी वहीत उतरवून घेते, कवळीच्या मापांसारखा, म्हणजे चुकणार नाही.

पाण्यात सकाळी साडेआठला. खोली जास्तीत जास्त दहा मीटर. वेळ अर्धा तास. ती, बाबा, दोरकाका, तिघं हाताच्या अंतरात. ज्याची हवा आधी अर्ध्यावर येईल त्याच्यासाठी सगळ्यांनी मागे फिरायचं, वाद नाही. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, घाई नाही. कशालाही हात लावायचा नाही. प्रवाळ जिवंत असतं, बोट लागलं तरी मरतं.

ह्या शेवटच्या ओळीवर बाबा अडले. "हात लावायचा नाही? मग कळणार कसं?"

डोळ्यांनी, बाबा.

दुसरं भांडण दोरीवरून. बाबांना कमरेला दोरी हवीच. मास्तरीण म्हणते दोरी खडकात अडकेल, जोडीदार हीच दोरी. फोनवर अर्धा तास. "अहो ताई, दोरी नसेल तर वरच्याला कळणार कसं मी आहे का नाही?" "बुडबुड्यांवरून." "बुडबुडे तर कोणाचेही असतात." शेवटी तिनं हात टेकले, पण दोरी दिली नाही. बाबा तासभर घुश्शात.

९ फेब्रुवारी

गुपचूप मास्तरणीला फोन करून यादी वाचून दाखवली. निळे मासे, होय, ढीगभर. पिवळे पंखे, आहेत, जरा खोलात. मोठा मासा, एक आहे, खडकाखाली बसून असतो, तोंड वाकडंच. तो दिसेलच असं नाही.

"कमान?"

"कमान नाही."

जवळपास? अर्धी? पडकी?

"ताई, नाही. सपाट उतार आहे."

बाबांना सांगितलं. म्हणाले, "कमान मी फार वेळा सांगितलीय." आणि उठून गॅलरीत गेले.

११ फेब्रुवारी

सुचलं! कमान पडली म्हणायचं. वादळात. बाबा म्हणाले, पण ही जागाच वेगळी आहे ना, इथं कमान होती कधी? बरोबर. मी आता त्यांच्या थापांत इतकी अडकलेय की कुठली कमान कुठल्या समुद्रात होती तेच विसरते.

नवरा म्हणाला, "खरं सांगून टाका ना त्यांना." ह्याला सगळं कसं सोपं दिसतं? बटण दाबलं की दार उघडलं. मग म्हणाला, "पण बाबा हल्ली माझ्याशीही बोलतात."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोचलो. नऊ तासांची बस, दोघं एका बाकावर, दोरकाकांची मान बाबांच्या खांद्यावर. खोल्या साध्या, पण स्वच्छ. समोर समुद्र, खरोखर काचेसारखा. बाबा काठावर जाऊन उभे राहिले आणि पाण्यात हात घालून स्वतःची बोटं बघत बसले. मी हाक मारली नाही.

दुपारी दोरकाका झोपल्यावर मला बाजूला घेऊन, "मी त्याला आज सांगतो." चार वाक्यं पाठ केली होती. मला म्हणून दाखवली. पहिलं वाक्य नीट होतं, दुसऱ्यात ततपप, तिसरं आलंच नाही. मग चहाच्या वेळी दोघं समोरासमोर बसले. मी मुद्दाम लांब. बाबांनी तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर घालू?"

उद्या साडेआठ. वही परत उघडली. आराखड्यात सगळं आहे, हवा, खोली, मिनिटं. दोरकाका वर आल्यावर बाबांकडे कसे बघतील, तेवढं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोटीवरच लिहिलं होतं ते वाचवत नाही, म्हणून परत लिहिते.

दोघं तयार होऊन बोटीच्या काठावर बसलेले. टाक्या, काचा, कमरेला शिशाचे पट्टे. मास्तरीण पाण्यात उतरली, म्हणाली, चला. तेवढ्यात दोरकाकांनी पाठीवरची टाकी सोडली.

"हा जाऊ दे. मी वर थांबतो."

बाबा बघतच राहिले. "अरे, तुलाच बघायचं होतं ना?"

"तू बघ. मला सांग."

"दोरी नाहीये रे."

"नसू दे. मी इथं आहे ना."

बाबांनी नळी तोंडात घातली आणि गेले. मी दोरकाकांवर उखडले. सहा आठवडे! डॉक्टर, सराव, रजा, नऊ तासांची बस, कमानीसाठी मी रात्रंदिवस जीव टाकला (हे बोलायला नको होतं, बोलून गेले) आणि तुम्ही शेवटच्या मिनिटाला? त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. बुडबुड्यांकडे बघत होते. मूठ मांडीवर, आवळलेली. एकतीस मिनिटं ती मूठ उघडली नाही.

बाबा वर आले. मास्तरणीनं मला डोळ्यांनीच सांगितलं, उघडले म्हणून. पाच मिनिटं मिटलेलेच होते म्हणे, मग उघडले ते परत मिटलेच नाहीत, पापणीसुद्धा लवली नाही. दोरकाकांनी हात धरून वर घेतलं, काच काढली, तोंडावरचं पाणी स्वतःच्या पंच्यानं पुसलं.

"काय होतं खाली?"

बाबांनी तोंडातली नळी काढली. मला वाटलं, आता साहेब येणार. आला तर मी पण हो हो म्हणणार, एवढं ठरवलं होतं.

"चिखल," बाबा म्हणाले. "आज नाही. तेव्हा. बावीस वर्षं नुसता चिखल होता. मला माझा हात दिसायचा नाही. सगळ्या थापा मारल्या मी तुला. तुझी मुकादमी माझ्यामुळं गेली."

मास्तरीण पाण्यातच थांबली. मी श्वास कोंडून धरला होता, जो कधीच धरायचा नसतो.

"ठाऊक आहे," दोरकाका म्हणाले. "आज काय होतं ते सांग."

बाबा दोरकाकांच्या शेजारी बसले. मग सांगायला लागले. मासा दिसला तो साहेबापेक्षा लहान होता. निळे होते ते निळे नव्हतेच, हलले की जांभळे. पिवळ्या पंख्यांना त्यांच्याजवळ शब्द नव्हता, हातानं दाखवत होते. किनाऱ्याला लागलो, जेवणं झाली, हे सांगताहेतच. मध्येच रडतात, नाक पुसतात, परत सांगतात.

आणि मी वेड्यासारखी एकाच गोष्टीवर अडलेय. ठाऊक होतं? मग बावीस वर्षं विचारत का होते?

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दुकानामागच्या नळावर दोरकाका बाबांचा पोशाख धुवत होते. मास्तरीण धुते म्हणाली तर दिला नाही. मी बादली धरली आणि विचारलं.

"ह्याचा पोशाख रोज मीच धुवायचो. पाणी शाईसारखं निघायचं. त्यात कुठला आलाय निळा मासा?"

मग रोज का विचारायचात?

"वर आलेल्या माणसाला बोलतं करायचं असतं. खालून आलेला गप्प बसला की समजायचं, हवा डोक्यात चढली, रक्तात बुडबुडे झाले, डॉक्टरकडे धावायचं. आमच्या धक्क्यावर दोघं तसेच गेले. कोणी विचारलं नाही, बसू दिलं, चहा दिला. ह्यानं थाप मारली की मी निर्धास्त व्हायचो. जेवढी मोठी थाप, तेवढा शहाणा माणूस." बाही पिळली. "चार वर्षं फोनवर नुसतं हं हं करत होता. मला राहवेना. म्हटलं, पाण्यात घालून काढू."

आणि मुकादमी?

"माझ्या जागी दुसरा दोरीवाला देणार होते. मी जाऊन बघून आलो त्याला, दोन्ही वेळा. दोरी चांगली धरायचा. पण माणूस वर आला की काही विचारायचा नाही."